मानाचा हंडा

पुंडलिकभावोजींच्या हातातून पेला पुन्हा पडला, आणि आबांनी पेल्याकडे न बघता काकींकडे बघितलं.

काकी पडवीच्या दुसऱ्या टोकाला फणस फोडत बसल्या होत्या. कोपरापर्यंत खोबरेल लावलेलं, पुढ्यात विळी. आवाज ऐकून त्यांनी मान वर केली, आबांची नजर पाहिली आणि पुन्हा फणसात हात घातला.

"बघ," आबा माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तिची नदर पडली काय ह्येचो हात गळता."

"काकी सकाळपासून तिथेच बसल्यात, आबा," मी म्हणाले. "पेला आत्ता पडला."

"तुका कोणी इचारला?"

कोणीच विचारलं नव्हतं. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी कराडची, सावंतवाडीच्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आले, आणि तिथेच बँकेत असलेल्या दिगंबर धुरीशी लग्न केलं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही त्याच्या गावी आलो होतो. गाव अगदी हद्दीवर. घर ओहोळाच्या अलीकडे, महाराष्ट्रात. काजूची बाग आणि फेणीची भट्टी पलीकडे, गोव्यात. भट्टीचा परवाना आजेसासऱ्यांच्या काळापासूनचा. आबा म्हणजे माझे सासरे, पुंडलिकभावोजी माझे थोरले दीर, आणि काकी म्हणजे आबांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ वारला होता, मूलबाळ नव्हतं.

आबा काकींशी कधीही थेट बोलत नसत. थोरल्या दिराने धाकट्याच्या बायकोशी बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. काही सांगायचं असलं की ते तिसऱ्या माणसाकडे बघून म्हणत, "तिका सांग." काकी हाताच्या अंतरावर असल्या तरी निरोप पोचेपर्यंत ऐकू न आल्यासारख्या राहत.

भावोजींनी पडलेला पेला डाव्या हाताने उचलला. उजवा हात मनगटातून खाली लोंबत होता. मूठ वळत होती, पण पंजा वर उचलला जात नव्हता. पोटातली कळ तर आबांना, भावोजींना, दोघांनाही गेल्या पावसाळ्यापासून होती. जेवण जात नव्हतं, चेहरे चुन्यासारखे झाले होते, आणि बारीकसारीक गोष्टीवरून दोघेही वसावसा अंगावर येत. तालुक्याच्या डॉक्टरांनी दारू सोडायला सांगितलं होतं. त्यावर घरात सगळे हसले होते. आजोबा ऐंशीव्या वर्षापर्यंत रोज संध्याकाळी घेत होते आणि माडावर चढत होते.

"माजां म्हणणां येवढांच," आबा म्हणाले. "घरात बायलांका शिंक येना नाय. फेणी त्याही घेतत, थंडीपावसात, बाळंतपणात. तेंका काय एक नाय. गळतत ते बापयेच. ह्यां काय असात?"

उत्तर त्यांना ठाऊकच होतं.

"सोमवारी देवाक कौल लावचो. उजवी पाकळी पडली तर रवांदे घरात. डावी पडली तर तिका भावाकडे पोचवची. तिका सांग."

हे माझ्याकडे बघून म्हटलं होतं. मी सगळ्यांत जवळ होते.

"मी नाही सांगणार," मी म्हणाले.

माझ्या थोरल्या जाऊबाई शालनवहिनी पदराला हात पुसत पुढे आल्या आणि त्यांनी तो निरोप काकींना शब्दनशब्द सांगितला. काकींनी गऱ्यातली आठळी काढून बाजूला ठेवली.

"फणस कापो की बरको तांपण देवाकच इचारा म्हणां," त्या म्हणाल्या. "फोडूची कटकट तरी वाचात."

काकींचा भाऊ कुडाळच्या बाजूला राहत होता. काका वारले तेव्हा तो बाराव्यालासुद्धा आला नव्हता. त्याच्या दारात काकींना 'ही नवऱ्याच्या घरच्या माणसांवर उलटलेली' म्हणून उतरवलं असतं, तर त्याने त्यांना गोठ्याच्या पडवीत झोपायला लावलं असतं, आणि गावात कोणी त्यांच्या हातचं पाणी घेतलं नसतं. हे काकींना माहीत होतं, आबांनाही माहीत होतं.

दुपारी मी कोठीत गेले. काकी तिथे गराफांव पुसत होत्या. गराफांव म्हणजे हिरवट जाड काचेची, पोटुशी, माणसाच्या कमरेएवढी बाटली. फुटू नये म्हणून वेताच्या टोपलीत बसवलेली. असे चार गराफांव भिंतीशी ओळीने होते. काकांनी लग्नाच्या वर्षी म्हापशाच्या बाजारातून बैलगाडीत गवतावर घालून आणलेले. फेणी गाळायची काकांनी आणि साठवायची काकींनी, असं वीस-बावीस वर्षं चाललं होतं.

"तुम्ही काहीच का बोलला नाहीत?" मी विचारलं.

"कोणाकडे? माजो मोठो दीर माज्याशी बोलणा नाय, आणि देव काय बोलता तां गुरवच सांगता." त्यांनी बुचाला फडकं गुंडाळलं. "तू तापू नको गो. तापलंस काय तुजां नाक लाल होता."

"बायकांना काही होत नाही, पुरुषांनाच होतं. असं का होईल, काकी? जेवण एकच, पाणी एकच."

"दारू येगळी."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या सहज म्हणाल्या होत्या, रोजची गोष्ट सांगावी तशा.

"वेगळी म्हणजे?"

"भट्टी तीच, धार तीच. ठेवचां येगळां. आमची ह्या काचेत. बापयांची मानाच्या हंड्यात."

मग त्यांनी सांगितलं. घरात तांब्याचा एक जुना हंडा होता, आतून कल्हई केलेला. हंगामातली पहिली फेणी त्यात भरायची, बागेचं रक्षण करणाऱ्या दैवताला, राखणदाराला, धार द्यायची, आणि उरलेली पुरुषांनी त्याच दिवशी प्रसाद म्हणून प्यायची. हंड्याला बाईने हात लावायचा नाही. बस, एवढीच रीत. बाकी वर्षभराची फेणी काकींच्या काचेत.

"मगे हे गेले," काकी म्हणाल्या. "तेच्या फुडच्या हंगामाक निरोप इलो. आता बापयांनी प्यावची ती सगळीच मानाच्या हंड्यात भरूची. माज्या हातचां नको. हात विधवेचो."

"आणि बायकांनी?"

"बायलांका चलता. तेंका काय होवचां रवलां?" त्या हसल्या, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "बरा झाला म्हणान मी. येक वझां कमी. आता म्हणतत, हंड्यातली गोड लागता. राखणदाराची कृपा."

"गोड?"

"आंबूसपणा रवणा नाय तिच्यात. म्हणतत."

फेणीत थोडं आम्ल असतंच. काचेत ते तसंच राहतं, कारण काच त्याला काही देत नाही आणि त्याच्याकडून काही घेत नाही. धातूत ते स्वस्थ बसत नाही. महिनोन् महिने ते भांड्याचं अस्तर खात राहतं, आणि जे खाल्लं ते दारूत उतरतं. मला हे पाठ होतं. दरवर्षी मी ते फळ्यावर लिहीत होते. पण कथील खाल्लं तर माणसाचा हात असा पडत नाही. पडतो तो दुसऱ्याच एका धातूने.

मी भट्टीवर गेले. ओहोळ तेव्हा घोट्याएवढा होता. भावोजी भट्टीपुढे दगडावर बसून शेजारच्या गड्याला लाकडं सारायला सांगत होते.

"भावोजी, मानाच्या हंड्याला कल्हई कोण करतं?"

"मी!" त्यांच्या पांढऱ्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "आदी कल्हईवालो येय. गेल्या हंगामाक तो येवचो बंद झालो. मानाचो हंडो घराभायर न्हेवचो नाय, म्हणान मीच शिकलंय."

"कथील कुठून आणता?"

"बाजारात कांडी गावता, पण ती लवकर इतळणा नाय. बांद्याक रेडिओवाल्याचां दुकान असा, तेच्याकडसून तार आणलंय. नुसती टेकवली काय पाणी होता. आणि चकाकता कशी!" ते हसले.

त्यांचे दात मला तेव्हा नीट दिसले. दातांच्या मुळाशी, हिरड्यांवर, पेन्सिलीने ओढावी तशी निळसर काळी रेघ होती.

रेडिओ दुरुस्तीची ती झाळायची तार निव्वळ कथलाची नसते. जवळजवळ निम्मं शिसं असतं तिच्यात. म्हणून ती लवकर वितळते.

मी घरी आले आणि दिगंबरला म्हणाले, "तोंड उघडा."

"काय?"

"तोंड उघडा तुम्ही. हिरड्या बघायच्यात."

तो दर शनिवारी घरी येऊन वडील-भावाबरोबर बसत असे. त्याच्या खालच्या दातांपाशी रेघ होती. फिकट, पण होती. मी त्याला सगळं सांगितलं. तो आधी घाबरला, मग त्याने दाराबाहेर बघितलं.

"हे आबांना आत्ता नको सांगू. कौल होऊन जाऊ दे."

"कौल होऊन जाऊ दे? काकींना घालवून दिल्यावर सांगू?"

"उजवीच पडेल गं बहुतेक."

"मला त्या हंड्यातली बाटलीभर फेणी आणून द्या. तपासून आणते."

"आबांना विचारतो."

"विचारू नका. आणा."

"वैजू, तुला इथलं कळत नाही. मानाचा हंडा आहे तो. चोरून कसा काढू?"

तो पंचवीस-तीस माणसांच्या बँकेत अधिकारी होता. आपल्या पोटात शिसं जातंय हे कळल्यावर त्याला भीती वाटत होती ती बापाच्या भुवईची. मी त्याच्याशी पुढे एक शब्द बोलले नाही. आबा झोपले होते. मी देवघराशेजारच्या खोलीत गेले, हंड्यावरचं झाकण काढलं, डाव जवळ होता तो बुडवला आणि लिटरची बाटली गळ्यापर्यंत भरली. झाकण लावताना हंड्याच्या आत बघितलं. तळाला चकाकी उरलीच नव्हती. राखाडी, खाल्लेला पत्रा. दुसरी बाटली काकींच्या काचेतून भरली आणि सावंतवाडीची एसटी पकडली.

सुट्टीत दार उघडायला लावल्याबद्दल प्रयोगशाळेचा शिपाई वैतागला होता. मी दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या बशांत पाण्याच्या वाफेवर आटवत ठेवल्या. उघड्या आगीवर दारू आटवता येत नाही, पेट घेते. खिडक्या उघड्या टाकून मी बसून राहिले. काकींच्या बशीत शेवटी तपकिरी डाग तेवढा उरला. हंड्याच्या बशीत पांढरट साय धरली. दोन्हींत सौम्य नायट्रिक आम्लाचे थेंब घातले, गाळलं, परीक्षानळीत घेतलं. हंड्याच्या नळीत पोटॅशियम आयोडाइड टाकलं, आणि नळी हळदीसारखी पिवळी झाली.

अकरावीच्या मुलांना हा प्रयोग फार आवडतो. रंग सुंदर येतो. मी त्या नळीकडे बघत उभी राहिले तेव्हा रागाने माझे कान गरम झाले होते. गाळलेलं उरलेलं दोन छोट्या बाटल्यांत भरलं, आयोडाइडची कुपी पर्समध्ये टाकली, आणि सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीने गावी गेले.

देवळात पोचले तेव्हा गाऱ्हाणं सुरू झालं होतं. काकींना आणलं नव्हतं. ज्याच्याबद्दल विचारायचं त्याने समोर असायची गरज नसते. गुरवाने पाषाणावर ओल्या पाकळ्या लावल्या होत्या. आबा हात जोडून उभे, मागे भावोजी, दिगंबर आणि भावकीतले चारपाच पुरुष.

"बा देवा म्हाराजा," गुरव म्हणत होता, "आज ह्या धुऱ्यांच्या घरात जां काय वाकडां झालां असात..."

"व्हय म्हाराजा!"

"कोणाच्या नदरेन, कोणाच्या हातान..."

"हंड्याने," मी म्हणाले.

सगळे वळले. मी चपला बाहेर काढून पायरी चढले.

"देवाला विचारायची गरज नाही. मला विचारा. तुम्ही दारू ज्या हंड्यात ठेवता त्याच्या कल्हईत शिसं आहे. ते दारूत उतरतं. पिण्याच्या पाण्यात जेवढं चालतं त्याच्या कितीतरी पट तुम्ही रोज पिताय. हा बघा हात," मी भावोजींचं मनगट धरून वर केलं आणि सोडलं. ते पडलं. "ह्याला नजर म्हणत नाहीत."

आबांचा आवाज खाली आला. तो खाली आला की घर गप्प होत असे. "तुका कसा कळला हंड्यात काय असा?"

"मी त्यातून काढली."

"हंड्याक हात लावलंस?"

"लावला. माझ्या हाताला काही झालं नाही. हात पडला तो ह्यांचा."

गुरव एक पाऊल मागे सरला. मी दोन बाटल्या देवळाच्या कट्ट्यावर ठेवल्या. "ही हंड्यातली. ही काकींच्या काचेतली. दोन्ही एकाच भट्टीच्या." कुपीतले थेंब आधी काकींच्या बाटलीत टाकले. काही झालं नाही. मग हंड्याच्या. पिवळं उमटलं आणि ढगासारखं खाली बसत गेलं.

भावकीतल्या एका म्हाताऱ्याने वाकून वास घेतला. "हळद?"

"शिसं. तुमच्या पोटात हेच आहे."

आबा मूर्ख नव्हते. हे मला आजही मान्य करावं लागतं. त्यांनी दोन्ही बाटल्या उचलून उजेडात धरल्या, हलवल्या, पुन्हा बघितल्या. मग भावोजींकडे वळले.

"खंयसून आणललंस तां कथील?"

"रेडिओवाल्याकडसून," भावोजी म्हणाले. "आबा, माका काय म्हायत..."

"तुजी काय चूक? तुका काय म्हायत असतला?" आबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "जावंदे. कळला तां बरा झाला."

एका श्वासात. भावोजींनी घरातल्या सगळ्या पुरुषांना विष पाजलं होतं, आणि त्यांना मोकळं करायला आबांना एक श्वास पुरला.

"माजो हात बरो होतलो?" भावोजींनी मला विचारलं.

"हंड्यातली बंद करा. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात जा, मी चिठ्ठी देते. हळूहळू होईल."

गुरवाने पाकळ्या काढून घेतल्या. आम्ही घरी निघालो. वाटेत पुरुष माणसं मोकळेपणी बोलत होती, हंडा कुठे टाकायचा, कल्हईवाल्याला कसं शोधायचं. कोणीतरी हसलंसुद्धा. दिगंबर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "झालं ना तुझ्या मनासारखं?"

काकी अंगणात उभ्या होत्या. पायाशी बांधलेलं गाठोडं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"खंयची पडली?"

"कौल लावलाच नाही, काकी. दोष हंड्याचा होता."

त्यांनी मान हलवली. आबा त्यांच्यासमोरून गेले, पडवीत आरामखुर्चीत बसले, पाय लांब केले.

"शालन," ते म्हणाले, "तिका चाय टाकूक सांग."

मी त्यांच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिले. "आबा, त्याआधी त्यांना काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"तुम्ही त्यांना घरातून काढणार होता."

"मी?" त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं होतं. "मी खंय काय म्हटलंय? मी तर देवाक इचारणार होतंय. इचारूचो पण नाय काय?"

"वैजू," दिगंबर म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा! त्यांनी गाठोडं बांधलं होतं. ह्या वयात. तुमच्यातल्या एकालाही..."

"गो, पुरे," काकी म्हणाल्या. "नाक लाल झालां तुजां."

त्यांनी चहा टाकला. सगळ्यांना दिला, कपबशा गोळा केल्या, धुऊन पालथ्या घातल्या. मग कोठीत गेल्या आणि शालनवहिनींना हाक मारली.

"घरातली भांडी आण गो, रिकामी. ह्या काचेतली दारू वतून घेवा. दारू घराची. गराफांव माजे, माज्या घोवान आणलेले."

"वतून? आणि तुम्ही खंय न्हेतास ते?"

"मी चललंय भट्टीवरच्या खोपीत. अर्दी बाग ह्यांच्या वाटणीची असा. थंय रवतलंय."

"अहो पण आता कित्याक? आता तर तुमची काय चूक नाय म्हणान ठरला!"

"ठरला मां? बरा झाला." काकींनी गाठोडं उचललं. "बांधलेलां सोडूचो कंटाळो इलो माका."

ओहोळ ओलांडताना एक गराफांव मी उचलला होता, एक शेजारच्या गड्याने. पुन्हा फेरी मारून बाकीचे दोन आणले. ते जड होते, निसरड्या दगडांवर पाय सरकत होता, आणि मी मनातल्या मनात त्या घरातल्या एकेका पुरुषाला शिव्या देत होते. नवऱ्याला सगळ्यांत जास्त.

त्यानंतर घरात जे झालं ते बघण्यासारखं होतं. भट्टी चालू होती, पावसाआधीची शेवटची फेणी धारेवर होती, आणि तिला ठेवायला भांडं नव्हतं. मातीचं मडकं पाझरायला लागलं. आता घरातला जो तो भांडं उचलून आधी माझ्याकडे आणत होता. भावोजींनी पितळेची घागर आणली. "कल्हई कोणाची?" मी विचारलं, त्यांनी ती परत नेली. ॲल्युमिनियमचं पातेलं आणलं. आम्लाला टिकत नाही, मी म्हणाले. रबराच्या बागेतून मिळालेला निळा प्लास्टिकचा कॅन आणला. झाकण उघडून मी त्यांच्या नाकाशी धरला. त्यात पूर्वी रबराचा चीक गोठवायचं आम्ल होतं, त्या वासाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी आबा स्वतः आले. "सूनबाय, स्टीलचां पिंप असा आमच्याकडे. धान्याचां. त्यात नाय चलणा?"

मी पिंपाकडे बघितलं. मग आबांकडे.

"काचेला तोड नाही, आबा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकींकडे बसले होते. खोपीपुढे त्यांनी चूल मांडली होती. आबा ओहोळ उतरून आले आणि अंगणाच्या कडेला थांबले. पलीकडे भट्टीपाशी भावोजी मडक्याला फडकी बांधत होते.

"सूनबाय," आबा म्हणाले, "तिका सांग, गराफांव व्हये म्हणान."

मी तोंड उघडायच्या आत काकी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तेंका सांग, माका ऐकूक येता."

आबा उभेच राहिले. चुलीतलं लाकूड फुटलं. काकींनी ते आत सारलं.

"अनसूया," आबा म्हणाले.

हे काकींचं नाव. लग्न झाल्यापासून त्या घरात राहून-येऊन मी ते पहिल्यांदा ऐकत होते.

"गराफांव दी."

"कित्याक?"

"फेणी खंय ठेवची?"

"माज्या हातची चलतली?"

आबा जमिनीकडे बघत होते. "हाताचां काय नाय. चुकलां आमचां."

"काय म्हटल्यात?"

"चुकलां म्हणतंय."

"भट्टीचो आवाज येता," काकी म्हणाल्या. "नीट ऐकूक नाय इला."

भट्टीचा कसलाही आवाज येत नव्हता. धार सुताएवढी होती. आबांची मान लाल झाली. मला वाटलं, आता ते वळून जातील. मग ते इतक्या मोठ्याने ओरडले, की पलीकडे भावोजींच्या हातातलं फडकं पडलं.

"माजी चूक झाली!"

काकींनी चुलीवरचं भांडं उतरवलं, आत गेल्या आणि एक गराफांव बाहेर आणून ठेवला. एकच.

"हो भरून न्हेवा. रिकामो झालो काय धुवून हाडून देवचो, मगे दुसरो. धुवूक बापयांनी. आणि येणाऱ्यान हाक मारून मागूचो. निरोप नको."

त्या घरी परत गेल्या नाहीत. वर्षभराने भावोजींना पंजा वर उचलता यायला लागला. आबा पुढे बारा-पंधरा वर्षं जगले, आणि दर वेळी ओहोळ ओलांडून गेले. त्यांनी माझ्याशी मात्र त्यानंतर कामापुरतंच बोलणं ठेवलं. ती किंमत मला परवडण्यासारखी होती.

गेल्या वर्षी दिगंबरच्या बँकेतल्या जुन्या मित्राने आम्हाला गोव्यात एक फेणीचा कारखाना दाखवायला नेलं. आत चकचकीत टाक्यांची रांग होती, छतापर्यंत. दिगंबर एका टाकीपाशी थांबला. बोटाने टकटक केलं. मित्र पुढे गेला तेव्हा तो माझ्याकडे वळला.

"हे स्टील आहे."

"हो."

"म्हणजे स्टील चालतं."

"चांगलं स्टील चालतं. काचेइतकं नाही, पण उत्तम चालतं."

"तेव्हा धान्याचं पिंप होतं आपल्याकडे." त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "आबांनी तुला विचारलं होतं. तुला तेव्हा माहीत होतं?"

"मी रसायनशास्त्र शिकवत होते, दिगंबर."

तो टाकीकडे बघत राहिला. "आबा गेले तोवर तू सांगितलं नाहीस."

"नाही," मी म्हणाले. "आणि तुम्हीही घरी कोणाला सांगू नका. काकी अजून आहेत. त्यांच्याकडे दोन गराफांव शाबूत आहेत."